एकशे सदतीस जणांची पोटतिडीक

टण्ण!

मांडणीवरची वाटी फरशीवर पडली. पडल्यावर गप्प बसली असती तर तिचं काय गेलं असतं? पण ती भोवऱ्यासारखी गरगरत थेट पाळण्याखाली गेली, आणि पाऊण तास जिवापाड जपलेली दुपारची शांतता सोबत घेऊन गेली.

मेहताबने श्वास रोखून धरला. पाळण्यातल्या आठ महिन्यांच्या आसिफने एक डोळा उघडला. त्या एका डोळ्याने घराची पाहणी केली, उठून रडण्याइतकं काही घडलेलं नाही अशी खात्री करून घेतली आणि डोळा मिटला. मेहताबने पेन पुन्हा उचललं.

वाटी कुणी पाडली नव्हती. निंबोणी मळ्यात भांडी आपापली पडतात. नागापूरच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता घरांना इतका खेटून आहे, की भरलेला टेम्पो गेला की मांडणीवरचं सगळं केसभर पुढे सरकतं. पहिल्या शिफ्टला भिंतीशी असलेली वाटी दुपारपर्यंत काठावर येते. मळ्यात आता मळा नाही आणि निंबोणीही नाही. कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची काही पत्र्याची, काही स्लॅबची अशी घरं आहेत, आणि रस्त्याच्या पलीकडे शाळा. अडचण एवढीच, की मुलं अलीकडे आणि शाळा पलीकडे.

आदल्या दिवशी, गुरुवारी, मेहताबची सहा वर्षांची अल्मास हातातून निसटलेल्या पाण्याच्या बाटलीमागे रस्त्यावर धावली होती. टेम्पो वीतभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर अल्मासवर ओरडला, मेहताब ड्रायव्हरवर ओरडली, पलीकडून शाळेचा शिपाई दोघांवर ओरडला आणि मग जो तो आपल्या वाटेने गेला. पण मेहताबच्या पोटात त्या वेळी जे काही हललं, ते परत जागेवर बसलं नाही.

शाळेसमोर गतिरोधक हवा होता. आणि योग असा, की रस्त्याचं डांबरीकरण चालूच होतं. मेहताब तशीच कडेवर आसिफ घेऊन डांबराच्या वाफेत उभ्या असलेल्या गोरक्षनाथ मुकादमाकडे गेली होती.

"ताई, माझ्या मनानं टाकता आला असता तर तुमच्या दारात सुदिक टाकला असता," मुकादम म्हणाला. "पर वरून कागद लागतो. मशीन हितं पुढच्या शुक्रवारपातूर हाय. मंग ते गेलं पाथर्डीकडं. एकदा डांबर थंड झालं की वरीसभर कुनी त्याला हात लावत न्हाई."

म्हणजे हातात आठ दिवस होते आणि हवा होता एक कागद.

कागद लिहिणं हा मेहताबच्या हातचा मळ. ती बेलापूरची. शाळेत निबंधाचं बक्षीस दरवर्षी तिच्याकडेच जायचं, इतकं की एका वर्षी मास्तरांनी इतर मुलांना वाईट वाटू नये म्हणून तिला परीक्षक केलं होतं. पुढे श्रीरामपूरला मराठी घेऊन बी. ए. झाली. लग्नात सासरच्या एका बाईंनी "पोरीचं मराठी लईच शुद्ध आहे, घरात कसं व्हायचं?" अशी काळजी बोलून दाखवली होती. तिने ती कौतुक म्हणून जपून ठेवली होती. कुकरच्या शिट्टीवर तिचा भरवसा नव्हता, गॅसच्या नंबरावर नव्हता, नवऱ्याच्या 'आलोच'वर तर मुळीच नव्हता. मराठीवर मात्र डोळे मिटून होता.

फक्त एक चूक झाली. तिने अर्ज आबासाहेबांना दाखवला.

आबासाहेब शेजारी राहतात. तेहतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं देवाचं नाव घेतात, आबासाहेब अर्ज तपासतात. चष्मा कपाळावर चढवून (तो त्यांना वाचायला लागत नाही, अधिकारापुरता लागतो) त्यांनी अर्ज वाचला आणि मान हलवली.

"ताई, मजकूर सोन्यासारखा आहे. पण विषय चुकला."

"विषय काय चुकला आबा? 'शाळेसमोर गतिरोधक बसवणेबाबत.' सरळ तर आहे."

"सरळ आहे म्हणूनच चुकला. साहेब फक्त विषय वाचतो. मी तेहतीस वर्षं साहेबांना विषयाच्या खाली उतरताना पाहिलेलं नाही. विषयात गतिरोधक दिसला की तो तिथंच शेरा मारणार, 'तरतूद नाही.' झाला निकाल! म्हणून मागणी आत ठेवायची आणि विषयात भावना घालायची. साहेबाला वाटलं पाहिजे, हे काय आहे बुवा? मग तो खाली उतरतो."

मेहताबला ते पटलं. वास्तविक माणसाला पटलेल्या सल्ल्याचीच भीती बाळगायला हवी. न पटलेल्या सल्ल्याने आजवर कुणाचं वाकडं झालेलं नाही.

आता भावनेचा शब्द शोधायचा होता. 'नम्र विनंती' पाणचट. 'तीव्र भावना' म्हटलं की मोर्चा निघाल्यासारखं वाटतं. 'आग्रह' पंगतीत जिलबीला करतात. 'कळकळ' चांगला शब्द, पण कळकळीने बोलणारा माणूस बोलून झालं की रुमालाने डोळे टिपून घरी जातो. तिला असा शब्द हवा होता, जो उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडणार नाही. वीतभर अंतरावर थांबलेल्या टेम्पोनंतर आईच्या आत जे होतं, ते नेमकं त्याच ठिकाणाहून उचलून कागदावर ठेवणारा शब्द. आणि तो सापडला. तिने कोरा कागद घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं:

'विषय : निंबोणी मळ्यातील बालकांबाबत पालकांची पोटतिडीक.'

लिहून झाल्यावर तिने तो शब्द दोनदा हळूच म्हणून पाहिला. आसिफ झोपेत हसला. तिने तो शुभशकुन मानला.

सह्यांचं काम छबूबाईंनी अंगावर घेतलं. समोरच्या घरातल्या छबूबाई मूळच्या तिसगावच्या. लेकाला एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून इकडे आल्या, पण आवाज तिसगावच्या आठवडेबाजाराच्या मापाचाच राहिला. शनिवार-रविवार दोन दिवस त्या दारोदार फिरल्या. "उठीव अंगठा! लेकराबाळांचं काम हाय, कर सही!" एवढंच सांगत होत्या. कशाबद्दल, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. सगळ्या मिळून एकशे सदतीस सह्या झाल्या. कोपऱ्यावरच्या भेळवाल्या भिमाजीला मूलबाळ नाही, पण त्याचं गिऱ्हाईक सगळं शाळेचं, म्हणून त्याने 'पालक' या रकान्यात मोठ्या मानाने सही ठोकली.

सोमवारी सकाळी मेहताब अर्ज घेऊन कचेरीत गेली. कुठल्या कचेरीत, हे सांगण्यात अर्थ नाही. खिडकी सगळीकडे एकच असते. खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला आणि आबासाहेबांनी सांगितलं होतं तसा नेमका विषय वाचला. पण आबासाहेबांच्या काळात विषय वहीत लिहायचे. आता संगणकात यादी असते, आणि तक्रार त्या यादीतल्या एका तरी रकान्यात बसावीच लागते. खड्डे, कचरा, पथदिवे, मोकाट कुत्री, साथीचे आजार.

"पोटतिडीक," बाई पुटपुटल्या. यादी वर नेली, खाली आणली. "पोटतिडीक नाहीये यात. पोट आहे."

हे वाक्य मेहताबच्या कानावर पडलं असतं तर पुढची गोष्ट घडलीच नसती. पण त्याच क्षणी आसिफने शिक्क्याची गादी पकडली होती आणि त्याच्या पाचही बोटांचे ठसे शासकीय टेबलावर उमटत होते.

पोच मिळाली. मेहताब ताठ मानेने घरी आली. दुपारी परवेझ, म्हणजे तिचा नवरा, सेकंड शिफ्टला जायच्या आधी जेवायला बसला होता, तेव्हा तिचा मोबाईल वाजला.

"बघ, उत्तर आलं! तीन तासांत!" ती कणीक मळता मळता म्हणाली. "वाच."

परवेझने वाचलं. घास तोंडाशीच थांबला. मग त्याने परत वाचलं, या वेळी मोठ्यांदा. "आपली तक्रार आरोग्य विभागाकडे तातडीने वर्ग करण्यात आली आहे. प्रकार : पोटाचे साथीचे विकार. बाधित बालके व पालक : एकशे सदतीस."

परवेझने आपल्या पोटाकडे पाहिलं.

"माझी पण सही आहे ना गं त्याच्यावर?"

"हसू नको."

"हसत नाहीये. मी बाधित आहे." त्याने पाणी प्यायलं. "तरी तुला म्हणत होतो, 'शिद्दत' लिही. केवढा लफ्ज आहे! पोटाचा काही संबंधच नाही त्याच्यात."

"मग शिद्दत नावाची बाई हरवली म्हणून पोलिसांकडे गेला असता अर्ज. गप जेव."

मेहताबने ठरवलं, उद्या सकाळी जाऊन ही एवढीशी चूक दुरुस्त करून यायची. एका शब्दाचा तर प्रश्न होता.

पण गतिरोधकाला वर्षं लावणारं सरकार साथीला मात्र धावत येतं. मंगळवारी सकाळी साडेआठला, अल्मासच्या वेण्या अर्ध्या झालेल्या असताना, निंबोणी मळ्यात जीप शिरली. जीपमधून एक डॉक्टरीणबाई उतरल्या, पाठोपाठ स्नेहल नावाची सिस्टर, आणि मग खोकी. मीठ-साखरेच्या पुड्या, गोळ्या, क्लोरीनच्या बाटल्या. स्नेहल सिस्टरच्या हातात एकशे सदतीस नावांची यादी होती आणि ती पहिल्याच घरापासून हाका मारू लागली.

पहिलं घर छबूबाईंचं.

"आजी, जुलाब किती वेळा झाले?"

"कुनाला?"

"तुम्हाला."

"मला कशाला होत्याल? काल तर एकादशी हुती."

"मग उलटी? पोटात कळ? तिडीक?"

'तिडीक' म्हटल्यावर छबूबाईंच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा उजेड आला. त्या ओट्यावर ऐसपैस बसल्या. "तिडीक व्हय! पोटात न्हाई बाई, गुडघ्यात हाय. ह्या हितनं निघती ती पार टाचंपातूर. चालंल का?"

"इथं पोटाचंच लिहायचंय आजी."

"मंग पोटात लिही. गोळी तर गुडघ्याला बी तीच आसंल."

पुड्या फुकट आहेत ही बातमी मळ्यात वाऱ्यासारखी पसरली. अर्ध्या तासात जीपसमोर रांग लागली. फुकट औषध समोर आलं की माणसाला आपली जुनी दुखणी कशी एकेक आठवतात, ते पाहण्यासारखं होतं. कुणाला लग्नाच्या पंगतीत बिघडलेलं पोट आठवलं, कुणाला बाळंतपणातली कंबर. मेहताब रांगेच्या पुढे-मागे पळत सांगत होती, "अहो, कुणी आजारी नाहीये! ती पोटतिडीक मनातली आहे!"

"मनातली असली तरी लिहून घेते," स्नेहल सिस्टर मायेने म्हणाली. "ताण असला की होतं असं पोटात. तुम्ही बसा बघू आधी. नाव काय? मेहताब परवेझ शेख. यादीत पहिलंच आहे तुमचं."

दुपारपर्यंत बाधितांचा आकडा एकशे त्रेसष्टवर गेला.

बुधवारी परिणाम दिसायला लागले. पाण्याचे नमुने तपासायला गेले म्हणून नळ बंद. खबरदारी म्हणून शाळा सोमवारपर्यंत बंद. भिमाजीची भेळेची गाडी 'संशयित' म्हणून ताडपत्रीत गुंडाळून उभी करून ठेवलेली. दुपारी दोनला कामावर गेलेला परवेझ अडीचला परत आला. कंपनीच्या गेटवर वॉचमनने पत्ता विचारून त्याला हात लांबूनच केला होता. तंदुरुस्तीचा दाखला आणा, मग आत या. परवेझला आयतीच झोपायला मिळाल्याने सुरुवातीला आनंद झाला. पण पाणी नसल्याने त्याला हंडा देऊन पाठवण्यात आलं, तेव्हा त्याने साथीचा निषेध केला.

टँकरपाशी मेहताब गेली तेव्हा बायका बोलायच्या थांबल्या. थांबलेलं बोलणं कुणाविषयी होतं ते ओळखायला बी. ए. व्हावं लागत नाही.

"ह्या बघा आल्या पोटतिडीकवाल्या," मागून कुणीतरी म्हणालं.

भिमाजी तर दारातच येऊन बसला. रागावला असता तर बरं होतं. तो दुखावला होता. "वैनी, वीस वरीस झाले. माझ्या चिंचेच्या पान्यानं आजपातूर एक लेकरू शिंकलं न्हाई. आन तुमी माझीच सही घेऊन मलाच..." मेहताबने त्याला चहा दिला. चहा टँकरच्या पाण्याचा आणि त्यात क्लोरीनचा वास. त्याने एक घोट घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

त्या कपाने तिला सगळ्यात जास्त लागलं. आयुष्यात तिने मराठीचा एक शब्द चुकीचा वापरला नव्हता. आणि इथे बरोबर वापरलेल्या शब्दाने आख्ख्या वस्तीचं पाणी तोडलं होतं. बाहेर रस्त्यावर रोलर घरघरत शाळेच्या दिशेने सरकत होता. शुक्रवार परवावर आला होता.

गुरुवारी सकाळी ती आसिफला परवेझकडे आणि परवेझला छबूबाईंकडे सोपवून कचेरीत गेली. खिडकीतल्या बाईंनी तिला आतल्या साहेबांकडे पाठवलं. साहेब सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली.

"साहेब, पोटतिडीक म्हणजे पोटाचा आजार नाही. पोटतिडीक म्हणजे कळकळ."

साहेबांनी भुवया जवळ आणल्या. "कळ-कळ. म्हणजे एकदा नाही, दोनदा कळ. हे तर वाढलं की हो."

"तशी कळ नाही साहेब. म्हणजे... तळमळ."

"झोप लागत नाही?"

"लागते! आच म्हणा. लेकरांविषयी आच."

"ताप आहे म्हणजे." साहेबांनी खरोखर काळजीने पेन उघडलं.

"काळीज तुटतं साहेब!"

"त्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, आमच्याकडे सोय नाही."

साहेब चेष्टा करत नव्हते, हेच त्यातलं भयंकर. तिला पहिल्यांदाच जाणवलं, की आपल्या भाषेत माणसाला मनापासून काही वाटायला लागलं की आधी त्याच्या शरीरात काहीतरी बिघडावं लागतं. पोटात तिडीक उठते, काळजाचं पाणी होतं, जीव कासावीस होतो, ऊर फुटतो. धडधाकट माणसाला भावना व्यक्त करायला मराठीत जागाच नाही. इतकी वर्षं ती ज्या शब्दांवर भाळली होती, ते सगळे एका अर्थी दवाखान्याच्या रांगेत उभे होते.

"बरं," ती म्हणाली, "मग हा अर्ज मागे घेते. नवीन देते."

"साथीची तक्रार मागे घेता येत नाही. साथ आटोक्यात आली की ती आपोआप बंद होते. त्यासाठी एकशे सदतीस रुग्ण बरे झाल्याचा दाखला लागेल."

"पण ते आजारीच नव्हते."

"मग बरे कसे होणार?" साहेबांनी हात पसरले. त्यांनाही त्याचं वाईट वाटलेलं दिसलं. "आजारी नसल्याचा दाखला देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. आणि एकाच पत्त्यावरून साथ चालू असताना तिथली दुसरी तक्रार संगणक घेत नाही."

म्हणजे जोवर निंबोणी मळा बरा होत नाही तोवर गतिरोधक मागता येत नव्हता, आणि आजारी पडल्याशिवाय मळ्याला बरं होता येत नव्हतं. हे कोडं घेऊन ती उन्हातून परत आली. रिक्षात बसल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. राग आला. रागही कसला, तोच शब्द. दुसरा सापडत नव्हता आणि आता तर तो वापरायचीही चोरी.

मळ्यात जीप उभी होती. पाण्याचा अहवाल आला होता, पाणी स्वच्छ होतं. डॉक्टरीणबाई रस्त्याच्या कडेला कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"तुम्हीच ना पहिलं नाव?" त्यांनी विचारलं. "मला एक कळत नाही. पाणी चांगलं. भेळ चांगली, मी स्वतः खाऊन बघितली. एकशे त्रेसष्ट माणसं तपासली, एक मूळव्याध आणि बाकी गुडघे. मग पोटात दुखतंय कुणाला?"

"मला," मेहताब म्हणाली. आणि मग ती थांबलीच नाही. "मला दुखतंय डॉक्टर. गेल्या गुरुवारपासून. माझी पोरगी ह्या इथं, तुम्ही उभ्या आहात ना, बरोबर तिथं उभी होती आणि टेम्पो इतक्या अंतरावर. हा आजार नाही म्हणतात, आणि आजार आहे म्हणूनही वागतात. अर्ज तीन पानांचा आहे. एकाने तरी पहिल्या ओळीच्या खाली वाचावा. शब्द मी बरोबर लिहिलाय. दहा वेळा लिहायला सांगा, दहाही वेळा तोच लिहीन."

एवढ्यात एक भरलेला टेम्पो नव्या, गुळगुळीत डांबरावरून असा सुसाट गेला, की डॉक्टरीणबाई, स्नेहल सिस्टर आणि पुड्यांचं खोकं एकदमच गटारीच्या कडेला सरकले. पुड्या रस्त्यावर विखुरल्या.

"आई गं," डॉक्टरीणबाई पोटावर हात ठेवून म्हणाल्या.

"हीच ती," मेहताब म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी फाइल मागवली. मूळ अर्ज काढला आणि तिथेच, जीपच्या बॉनेटला टेकून, वाचायला लागल्या. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्या पानावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मेहताब श्वास रोखून पाहत होती. बी. ए.च्या पेपरालाही तिचं एवढं धडधडलं नव्हतं. समोर कुणीतरी तिचा अर्ज शेवटपर्यंत वाचत होतं.

"तुम्ही लिहिलाय?"

"हो."

"छान लिहिलाय," त्या म्हणाल्या. त्या दोन शब्दांनी टँकरपासच्या सगळ्या बायका, भिमाजीचा कप आणि साहेबांची दोनदा कळ, सगळं एका दमात पुसून टाकलं. मग त्यांनी आपला छापील फॉर्म बॉनेटवर पसरला.

'साथीचे कारण : शाळेसमोरील रस्ता. लक्षणे : पालकांच्या पोटात तीव्र तिडीक, विशेषतः सकाळी दहा व सायंकाळी पाच वाजता. उपाय : गतिरोधक, दोन नग. तातडीने.'

"डॉक्टर, तुम्हाला रस्त्याचं लिहिता येतं?" मेहताबने हबकून विचारलं.

"साथीत मला विहीर बंद करता येते, शाळा बंद करता येते, लग्नाची पंगत उठवता येते. रस्त्यावर दोन उंचवटे घालता येतात की नाही, हे त्यांना तपासावं लागेल. तोवर डांबर थंड होईल."

साथीच्या फाइलीवर तातडीचा लाल शेरा असतो. लाल शेरा कुणी अडवून ठेवत नाही, अडवला तर साथ त्याच्या अंगावर येते. शुक्रवारी दुपारी तीन वाजता गोरक्षनाथ मुकादमाच्या हातात कागद पडला. त्याने तो दोनदा वाचला, टोपी मागे सारली.

"बावीस वरीस रस्ते केले ताई. पर औषद म्हनून रस्ता पयल्यांदाच करतोय. जेवनाआधी द्यायचं का जेवनानंतर?"

सगळा मळा बघायला उभा होता. आबासाहेब चष्मा कपाळावर चढवून सगळ्यांना सांगत होते, की विषय वजनदार असला की काम होतंच, हे ते पहिल्यापासून सांगत होते. त्यांचं बोलणं खोडायला मेहताबला जागा सापडली नाही. भिमाजीची गाडी ताडपत्रीतून मोकळी झाली होती आणि 'डॉक्टरांनी स्वतः खाल्लेली भेळ' म्हणून तिच्यापुढे रोलरइतकीच गर्दी होती. छबूबाई गरम डांबराच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. गुडघ्याला शेक बरा मिळतो म्हणाल्या. परवेझने हलक्या आवाजात विचारलं, "आता तरी मला कामावर घेतील का?" आणि मेहताबने, भर रस्त्यात, एकशे त्रेसष्ट बाधितांच्या साक्षीने, त्याच्या पाठीत एक हलकासा धपका घातला.

सोमवारी शाळा उघडली. मेहताब आसिफला कडेवर आणि अल्मासला हाताशी घेऊन निघाली, तेव्हा मोबाईल वाजला. 'निंबोणी मळा : तक्रारीतील सर्व एकशे सदतीस रुग्ण पूर्ण बरे. पोटतिडीक आटोक्यात. तक्रार निकाली.' तिने तो निरोप दोनदा वाचला. तिला हसू आलं. ऐन सकाळी दहाची वेळ होती.

समोरून टेम्पो आला. गतिरोधकापाशी त्याने मुकाट्याने वेग सोडला, पुढची चाकं चढवली, उतरवली, मग मागची चढवली आणि उतरवली, आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा कण्हत निघून गेला. त्यामागचा दुसराही तसाच. तिसऱ्याचा ड्रायव्हर तर थांबला आणि त्याने हातानेच 'जा' म्हणून खूण केली.

मायलेकी रस्ता ओलांडायला लागल्या. निम्म्या रस्त्यात अल्मास थांबली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळ्या गाड्या उभ्या होत्या. मग तिने आपल्या हाताकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती.

"अम्मी," ती म्हणाली, "गाड्या तर सगळ्या थांबल्यात. मग तू हात अजून एवढा घट्ट का धरलायस?"